फुटका पत्रा आणि राखेची वीट

पावसाळा तोंडावर आला की वस्तीत एक काम ठरलेले असते. फुटलेले सिमेंटचे पत्रे उतरवायचे, नवे चढवायचे आणि जुन्यांचे हातोडीने तुकडे करून गल्लीतल्या चिखलात टाकायचे. आम्हीही ते केले आहे. वस्तू वाया घालवायची नाही, हे आपल्या आयांनी शिकवले. फुटक्या पत्र्याचे गटारावर झाकण होते, न्हाणीला आडोसा होतो, चुलीला वारा लागू नये म्हणून एक तुकडा उभा राहतो. या काटकसरीची लाज वाटण्याचे कारण नाही. पण या एका वस्तूच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते, आणि हे आपल्याला कोणी नीट सांगितलेले नाही.

आपल्या छपरांवरच्या बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांना मजबुती येते ती ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी. हा दगडातून निघणारा तंतू, केसाहून कितीतरी बारीक. पत्रा शाबूत असेपर्यंत तो सिमेंटात घट्ट बसलेला असतो, म्हणून डोक्यावर पत्रा आहे एवढ्यावरून आज रात्रीची झोप उडवून घेऊ नये. मात्र पत्रा फोडला, करवतीने कापला, भोक पाडले किंवा शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासला, की तंतू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन रुततात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, आपल्या पत्र्यांत असते ते पांढरेसुद्धा, कर्करोग करतात. फुप्फुस कडक करणारा ॲस्बेस्टॉसिस वेगळाच. दुखणे वर यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. पंचविशीत पत्रे फोडणारा पोरगा पन्नाशीनंतर खोकू लागला, तर तेव्हा पत्रा कोणाला आठवणार? त्यात विडी-सिगारेट असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

आता कारखान्यात काय होते ते पाहा. तिथेही पत्रे फुटतात. ते दळून पुन्हा नव्या मिश्रणात घालण्याची पद्धत आहे. कचरा कमी होतो, कच्चा माल वाचतो, अहवालात चांगले दिसते. दळण बंद यंत्रात, ओले करून, धूळ ओढून घेणारी सोय ठेवून झाले तर आमचा आक्षेप नाही. पण यंत्राचे झाकण उघडे आणि खाली कंत्राटी बाई कोरडा झाडू मारते आहे, असे असेल तर कचरा संपला नाही, तो तिच्या छातीत गेला. शिवाय तो घरीही येतो. अशा कामाचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना हाच आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. त्या बायकांनी कारखान्याचे दार कधी पाहिलेलेही नसते.

कारखान्यातला ॲस्बेस्टॉसचा कचरा २०१६च्या नियमांत घातक कचऱ्याच्या यादीत आहे. तोच पत्रा आपल्या गल्लीत फुटला की त्याला राडारोडा म्हणतात.

म्हणून ‘पुनर्वापर’ म्हटले की आम्ही लगेच टाळ्या वाजवत नाही. आधी विचारतो, त्याची धूळ कोण गिळणार?

याच कसोटीवर उतरणारा पुनर्वापरही आहे, आणि त्याच्या बाजूने आम्ही उभे आहोत. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या वीज केंद्रांतून कोळशाच्या राखेचे डोंगर निघतात. त्या राखेच्या विटा होतात. त्यांना भट्टी लागत नाही, शेतातली वरची माती लागत नाही, पाणी मारून त्या पक्क्या करतात. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्येही १५ ते ३५ टक्के राख चालते. राख वापरण्याचा केंद्राचा पहिला आदेश १९९९चा. डिसेंबर २०२१च्या आदेशाने तर सगळीच राख वापरणे वीज केंद्रांवर बंधनकारक केले. वापरली नाही की ती तलावात साठते, आणि जुलै २०२२मध्ये कोराडीजवळ राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा ती शेतांत आणि पाण्यात शिरली. त्यापेक्षा ती भिंतीत गेलेली बरी.

पण राखेतही सिलिका असते. ट्रकवर ताडपत्री हवी, राख भिजवून हाताळायला हवी, मिक्सरवरच्या माणसाला चांगला मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. आणि एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस एक्स-रेमध्ये टीबीसारखा दिसू शकतो. टीबीचे औषध पुरे घेऊनही दम कमी होत नसेल तर डॉक्टरांना सांगा, हा माणूस इतकी वर्षे राखेत, खडी क्रशरवर, पत्र्याच्या कारखान्यात होता. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांचा आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे संविधानाच्या कलम २१चाच भाग मानला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांत जे नंतर संपेल तोपर्यंत कारखान्याने ठेवायची आहे. तुमच्या घरात असा निवृत्त कामगार असेल तर ती नोंद लेखी मागा. ॲस्बेस्टॉसिस आणि सिलिकोसिस हे कायद्याने भरपाईयोग्य व्यवसायजन्य आजार आहेत.

पत्र्यांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केले. आपल्याकडे खाणींना नवे परवाने देणे थांबवले, पण बाहेरून आणून पत्रे बनवणे चालूच आहे. हा कचरा कमी करण्याचा खरा उपाय म्हणजे तो बनवणेच थांबवणे. दुसरे तंतू घालून पत्रे करता येतात; ते महाग पडतात हे आम्हाला ठाऊक आहे, स्वस्त आहे म्हणूनच तर हा आपल्या डोक्यावर आला. तेवढा फरक घरकुलाच्या अनुदानात धरावा, एवढी मागणी रास्त आहे.

तोवर या पावसाळ्यात पत्रा उतरवायचा असेल तर आधी भरपूर भिजवा. बोल्टाला तेल सोडून तो सोडवा, पत्रा अख्खा खाली घ्या, फेकू नका. पोरांना लांब ठेवा. तुकडे पडलेच तर ओल्या फडक्याने उचला, झाडू मारू नका. ते फडके तुकड्यांसकट प्लॅस्टिकच्या दुहेरी गोणीत बांधा. गोण्या नेण्यासाठी वॉर्ड ऑफिसात गल्लीच्या नावाने एकत्र अर्ज द्या. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या.