फ्यूज कोणाला वाचवतो?



‘५ अँपिअर म्हणजे किती मिलिअँपिअर?’ हा प्रश्न परीक्षेत एका गुणाला येतो. तुम्ही हजाराने गुणता, ५००० लिहिता आणि पुढच्या प्रश्नाकडे वळता. माझी तक्रार इथेच आहे. हा प्रश्न वहीत नव्हे, जिन्याखालच्या मीटरबोर्डासमोर उभे राहून सोडवायला हवा. (हात मागे बांधून, बरे का!)

गिरगावातल्या काही जुन्या चाळींत अजून चिनी मातीचे फ्यूज दिसतात. त्यांवर ५ अँपिअर असे लिहिलेले असते. ‘फ्यूज आहे ना, मग शॉकची भीती कशाला?’ असे म्हणणारी शहाणी माणसे मला आजही भेटतात. आता रूपांतर करून पाहू. फ्यूजचे ५००० मिलिअँपिअर. आणि माणसाचे? घरातल्या विजेचा साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला की मुंग्या येतात. १०च्या आगेमागे स्नायू असे आखडतात की पकडलेली तार सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर वाहिले, तर हृदयाचा ताल बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणजे अवघे ०.०५ ते ०.१ अँपिअर! ४० वॉटचा जुना पिवळा दिवासुद्धा २३० व्होल्टवर सुमारे १७४ मिलिअँपिअर घेतो. त्याने जर फ्यूज वितळत नाही, तर तुमच्याआमच्यातून जाणाऱ्या प्रवाहाने कसा वितळेल? फ्यूज तारेला वाचवतो, तार तापून लागणारी आग टाळतो. माणसाला वाचवणे हे त्याचे कामच नाही.

ते काम करणारी पेटी वेगळी. तिला आरसीसीबी म्हणतात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तेवढा प्रवाह कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला असेल असे धरून ती क्षणार्धात वीज तोडते. (दोन हातांत दोन तारा धरणाऱ्याला मात्र तीही वाचवेलच असे नाही.)

अडचण अशी की काही पेट्यांवर ‘३० मिलिअँपिअर’ छापतात, काहींवर ‘०.०३ अँपिअर’. शिवाय ०.३ अँपिअरचीही पेटी मिळते. ती आगीपासून संरक्षणासाठी, माणसासाठी नव्हे. लोहार चाळीतून मी स्वतः घाईत तीच उचलून आणली होती. दिसायला अगदी तशीच! घरी नववीतल्या पुतण्याने विचारले, “काका, हे तर तीनशे झाले ना?” पदवीधर काका गप्प.

गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. लालबाग-परळच्या मांडवांची रोषणाई तर तुम्ही पाहिलीच असेल. भाद्रपदातला पाऊस, ओली जमीन, लोखंडी पाइप आणि त्यांवरून गेलेल्या दिव्यांच्या माळा! वायरिंग परवानाधारक वायरमननेच करायचे. तुम्ही झाकणालाही हात लावू नका. पण आकडा लांबूनही वाचता येतो. कार्यकर्त्यांना विचारा, “दादा, ही पेटी किती मिलिअँपिअरची?” “अरे, चांगली चाळीस अँपिअरची आहे!” असे उत्तर आले, तर तो आकडा पेटीने किती प्रवाह वाहून न्यायचा त्याचा आहे. तिच्यावर दुसरा, लहान आकडा असतो. तो वाचून घ्या आणि त्याला हजाराने गुणा.