काळ्या कातळाची सागरी साक्ष



गेल्या उन्हाळ्यात मन्नाएखेळ्ळीजवळ एका विहिरीचे काम पाहावयास मी थांबलो होतो. वरची माती संपून काळा कातळ लागला, तसा पहारीचा आवाज बदलला. शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलाने विचारले, “फादर, हा दगड येथे आला कोठून?” प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आपणांस थेट समुद्रापर्यंत घेऊन जाते.

हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्याचे थरावर थर पसरले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. काही प्रवाह तर पूर्वेस राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. आपल्या जिल्ह्यातील मांजरेचे पाणीही गोदावरीला मिळून त्याच नगरावरून समुद्रास जाते.

राजमहेंद्रीजवळच्या दगडखाणींत लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये सागरी गाळाचा थर दबलेला आहे. त्यात फोरॅमिनिफेरा नामक एकपेशीय जीवांची चुन्याची कवचे सापडतात. ती इतकी सूक्ष्म आहेत की, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरल्यावाचून ओळखता येत नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली ती तपासली, तेव्हा सागरातील मोठ्या संहारानंतर लगेच उदयास आलेल्या जाती त्यांत आढळल्या. खालचे लाव्हाप्रवाह त्या संहाराच्या सुमारास थांबले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हा संहार भयंकर होता. त्याच काळी आजच्या मेक्सिकोत एक प्रचंड अशनी कोसळला. अधिक दोष अशनीचा की लाव्हारसाचा, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु पाण्यावर तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या दहांतील नऊहून अधिक जाती नष्ट झाल्या, हे निश्चित.

मग तरले कोण? मोठी, नक्षीदार कवचे धारण करणारे व ठरावीक खोलीच्या पाण्यातच जगणारे जीव गेले. ‘ग्वेम्बेलिट्रिया’ नावाचा द्राक्षाच्या घडासारखा दिसणारा चिमुकला जीव मात्र टिकला. किनाऱ्याजवळचे सतत बदलणारे पाणी त्याच्या अंगवळणी पडले होते, आणि त्याची वाढही झपाट्याने होई. सागरतळाशी राहणारे त्याचे बहुतेक भाऊबंदही वाचले, कारण तळाशी साचलेल्या उष्ट्यामाष्ट्यावर त्यांचा निर्वाह चाले. ज्वारीच्या ओळींत तूर पेरणाऱ्या शेतकऱ्याला यातील मर्म वेगळे सांगावयास नको. एक पीक बुडाले तरी त्याचे घर बुडत नाही.

तथापि, “कोणीतरी तरतेच” एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. या जीवांच्या जातींची विविधता पूर्ववत होण्यास सुमारे १ कोटी वर्षे लागली. मनुष्याला तेवढा अवधी कोण देणार? आज कोळसा व तेल जाळून निघणारा कर्बवायू समुद्रात विरघळत आहे. यंत्रयुगाच्या आरंभापासून सागरपृष्ठाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. आम्ल वाढले की चुन्याचे कवच घडविणे जड जाते. दक्षिण महासागरातील फोरॅमिनिफेरांच्या एका जातीची कवचे जुन्या गाळातील कवचांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने हलकी झाल्याचे २००९ साली दिसून आले. अशा सूक्ष्म जीवसृष्टीवरच मासळी पोसते, आणि वसई-गोव्याच्या कोळीबांधवांची चूल त्या मासळीवर पेटते.

त्या मुलाला मी कातळाची एक कपची उचलून दिली व म्हटले, “हा आगीतून आलेला दगड आहे. त्या वेळी समुद्रात काय घडले, ते याच्या सोबतीच्या गाळाने जपून ठेवले आहे.” त्याने ती निरखून पाहिली आणि विचारले, “मग आता समुद्राला कोण जपणार?”

वाचकहो, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कातळात सापडावयाचे नाही. ते आपणां सर्वांनाच द्यावे लागेल.