न मोजलेली माणसे

कॅन्सस सिटीच्या पहिल्या महायुद्ध संग्रहालयात शिरताना काचेच्या पुलावरून जावे लागते. पुलाखाली लाल पॉपीच्या फुलांचे शेत मांडले आहे. फुले ९,०००, आणि एकेक फूल १,००० सैनिकांच्या नावचे. म्हणजे लढाईत गेलेल्या ९० लाख माणसांचा हिशेब. अनारसे ज्या खसखशीवर थापतो तिच्याच कुळातले हे फूल. मुले काचेवर ओणवी होऊन मोजू पाहतात, मोठी माणसे फोटो काढून पुढे सरकतात. भारतातून आलेल्या आईवडिलांना आपण हे स्मारक दाखवतो ते अमेरिकेचा इतिहास म्हणून. यंदाच्या दिवाळी अंकाचा आरंभ या शेतापासून करत आहोत, कारण हा इतिहास आपलाही आहे आणि त्या ९,००० फुलांत तो जेमतेम मावला आहे.

युद्ध कशामुळे पेटले, हे आपल्याला शाळेत एका वाक्यात शिकवले: २८ जून १९१४ रोजी साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. पण खून झाला तेव्हा युद्ध अटळ नव्हते. पुढच्या पाच आठवड्यांत माणसांनी ते घडवून आणले. या खुनाच्या निमित्ताने व्हिएन्नाला सर्बियाची खोड मोडायची होती, बर्लिनने बिनशर्त पाठिंबा देऊन टाकला, रशियाने सैन्याची जमवाजमव सुरू केली आणि सेनापती रेल्वेची वेळापत्रके पुढ्यात घेऊन बसले. आता थांबलो तर नाक कापले जाईल, या भीतीने एकही दरबार मागे हटला नाही. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले आणि त्याच्या मागोमाग हिंदुस्थानही ओढला गेला. हिंदुस्थानातल्या माणसांना कोणी विचारले नाही. अमेरिकेने निदान अडीच वर्षे वाद घातला, ‘युद्धापासून दूर ठेवले’ या भांडवलावर राष्ट्राध्यक्ष विल्सन १९१६ ची निवडणूक जिंकले, आणि ६ एप्रिल १९१७ रोजी काँग्रेसने मत देऊन युद्ध पुकारले. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या शेतकऱ्याच्या मुलाला असे मत कुठून असणार? त्याच्यापुढे होता महिना अकरा रुपये पगार आणि पुढे पेन्शनची आशा.

ही मुले कुठे पोचली? पुण्याचे नाव लावणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. बगदाद घेण्याची घाई अंगाशी आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीच्या एका वळणात, कुत अल-अमारा या गावात, ही सारी फौज वेढली गेली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य आटले तशी घोडी आणि खेचरे कापू लागले. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले, हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी नाकारले. धर्म आड आला, तशी गावाची भीतीही आड आली: कळले तर घराला वाळीत टाकतील, सोयरीक जुळणार नाही. मग सातूच्या पिठाच्या घटत जाणाऱ्या शिध्यावर माणसे दिवस काढत राहिली, हिरड्या सुजून रक्ताळल्या. एप्रिल उजाडला तेव्हा अनेकांनी ते मांस तोंडात घातले. तोवर उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड यांची कैद इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात गेली. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेले, आणि त्यांतले हजारो वाटेत किंवा छावण्यांत मेले.

मेल्यावरही भेद संपला नाही. १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीचे नाव आणि पुढे फक्त आकडा. असे तीस हजारांहून अधिक. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये या अन्यायाबद्दल माफी मागितली. ती शंभर वर्षे उशिरा आली, तरी मागितली याचे मोल आम्ही कमी मानत नाही.

पण सगळ्यात मोठा आकडा कुठल्याच दगडावर नाही. कॅन्सस सिटीहून गाडीने दोन तासांवर कॅम्प फन्स्टन ही छावणी होती. मार्च १९१८ मध्ये तिथे इन्फ्लुएन्झाने शेकडो जवान अंथरुणाला खिळले. साथ मुळात कुठे उगवली यावर संशोधकांचे एकमत नाही. ती सैन्याच्या बोटींतून जगभर पोचली यावर मात्र आहे. १० जूनला मुंबईत गोदीवर नेमलेले सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. सप्टेंबरात दुसरी लाट आली, ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसे गेली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि युद्धामुळे धान्य आधीच महागले होते. उपाशी घरांत हा ताप, लोकांच्या तोंडी ‘मानमोडी’, शिरला. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली. १९१८ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. आठवडाभरात, ११ तारखेला, युरोपात युद्ध थांबल्याच्या घंटा वाजल्या. दख्खनच्या कित्येक खेड्यांत त्या दिवाळीला घराघरात सुतक होते.

ही माणसे युद्धातच गेली असे आम्ही म्हणतो. गोळी लागली नाही म्हणून त्यांना वेगळ्या वहीत टाकणे आम्हाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट या देशात मराठी अंक काढणाऱ्यांनी विसरू नये. २३ मे १९१८ रोजी शेजारच्या आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढले: शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवर, सभेत, अगदी चर्चमध्येही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. फोनवर जर्मन बोलल्याबद्दल शेतकऱ्यांच्या बायकांना दंड झाला. त्याच साली इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रेगर या जर्मन खाणकामगाराला जमावाने झाडाला लटकावून मारले. हे करणारे सैनिक नव्हते, रोज एकमेकांना रामराम घालणारे शेजारी होते. युद्ध लढवायचे तर शेजाऱ्याला आधी परका करावे लागते, आणि ते काम सरकार एकटे करू शकत नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धातले आपले ४६ जण लक्षात ठेवले. गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. बाकीच्या गावांचे काय? यंदा पाडव्याला, भाऊबीजेला घरी फोन कराल तेव्हा आजी-आजोबांना, काका-आत्यांना एवढे विचारा: आपल्यातले कोणी बसऱ्याला गेले होते का? मानमोडीत घरातले कोण गेले? ट्रंकेत एखादे पदक, पेन्शनचे जुने पुस्तक, मनिऑर्डरची पावती आहे का? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, नावासकट, गावासकट, आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या वर्षीच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत. एखाद्या घरात फक्त नाव उरले असेल, तर तेवढे नावही छापू.