नुसतं ‘छान आहे’ पुरेसं नाही

रमजानमध्ये नांदेड-लातूरच्या अनेक मुस्लिम घरांत गाणं बंद असतं. तरी इफ्तारला आलेला शेजारी खजूर उचलता उचलता विचारतोच, ‘कव्वालीतलं काही चांगलं सांगा.’ नाव निघतं नुसरत फतेह अली खान यांचं. आठवड्याने उत्तर येतं, ‘छान आहे.’ बहुधा पाच मिनिटं ऐकून दिलेलं. इकडेही तेच. भीमसेन जोशींची ‘अभंगवाणी’ सुचवली की माना डोलतात, पण सवाई गंधर्वांमार्फत त्या गळ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचं किराना घराणं उतरलंय, हे ओळखण्याइतकं ऐकतो कोण? मन दुखावू नये म्हणून केलेली स्तुती ही न ऐकल्याची सबबच असते.

नुसरतसाहेबांच्या ‘शाहेनशाह’मध्ये (१९८९) पेटी, तबला, टाळ्या आणि पारंपरिक कव्वाली आहे. पुढच्याच वर्षीचा ‘मस्त मस्त’ कॅनडाच्या मायकेल ब्रुकबरोबरचा. त्यात गिटार आली, गाणी आटोपशीर झाली. दोन्ही पुरते ऐकून ‘दुसऱ्यात कव्वाली पातळ झालीय’ असं शेजाऱ्याने तोंडावर सांगितलं, तर वाद होईल. झालेला बरा.

ईदला अजून वेळ आहे. शिरखुर्म्याचं बोलावणं देताना एका अल्बमचं नावही कळवावं, आणि एक मागून घ्यावं.