बोगदा खरोखरच बंद आहे का?

बंगळूरच्या तरुण मंडळींमध्ये एक वाट अनेक वर्षे गाजत होती. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड हा पश्चिम घाटातला पंचावन्न किलोमीटरचा लोहमार्ग. त्यावर 57 बोगदे, शंभरावर पूल आणि दोन्ही बाजूंना घनदाट रान. 1979 साली हा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि 1996 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी त्यावरची वाहतूक थांबली. पुढची दहा वर्षे प्रवासी गाडी नाही, शिट्टी नाही. मुले पाठीवर पिशव्या टाकून जायची, रुळांवरून चालायची, बोगद्याच्या तोंडाशी फोटो काढायची. त्या फोटोंनी नंतरच्या कितीतरी मुलांना वेड लावले.

त्या मुलांपैकी एक आमच्याच घरातला निघाला. माझी थोरली बहीण हेब्बाळला राहते. तिचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि नवा कॅमेरा घेतल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नाहीत. ताईचा फोन आला, "तूच सांग गं त्याला काहीतरी. माझं ऐकत नाही." मग स्वारी फोनवर आली.

"मावशी, तो मार्ग बंद आहे. माझ्या मित्राचे काका चालून आलेत तिथे."

"कधी आले?"

"ते कॉलेजात होते तेव्हा."

इथेच सारी गोम आहे. काकांचे कॉलेज संपले आणि रेल्वेचे कामही संपले. 2006 मध्ये त्या घाटातून मालगाड्या धावू लागल्या आणि 2007 च्या अखेरीस प्रवासी गाड्याही सुरू झाल्या. मार्ग बंद असल्याची बातमी मात्र अजून तोंडोतोंडी फिरते आहे. जुने फोटो पाहून निघालेल्या मुलाला त्यात गाडी दिसत नाही, म्हणून तो गाडी नसतेच असे धरून चालतो.

आणि गाडी ऐकू येईलच की, हा दुसरा भ्रम. वळणाच्या बोगद्यात आवाज कुठून येतो हेच कळत नाही. शेजारी धबधबा कोसळत असला, पाऊस असला तर मग विचारूच नका. बोगद्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे असतात. ते रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनना आत सरकून उभे राहण्यासाठी. अंधारात ट्रायपॉड उभा करून बसलेल्या मुलाला तो कोनाडा सापडेल आणि तो महागडा कॅमेरा तिथेच टाकून पळेल, याची खात्री कोणती आई देईल? शिवाय परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, त्याला कैदेचीही शिक्षा आहे. भाच्याला कायद्याची फारशी भीती वाटली नाही. कोनाड्याचे ऐकून मात्र तो जरा गप्प झाला.

खरोखर सोडून दिलेला लोहमार्ग पाहायचा तर आपल्या खंडाळ्याची आठवण काढावी. भोर घाटाचा मार्ग 1863 साली खुला झाला. सुमारे 1830 फुटांची चढण आणि 25 बोगदे. चढ इतका अवघड की एका जागी गाडी थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. हे उलटे स्थानक 1929 मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडले.

त्या घाटाचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये हिंदुस्थानात उतरले आणि काही दिवसांतच वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस मायदेशी परतली नाही. ठेका तिने आपल्याकडे घेतला, अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेले. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते. रोगराईने त्यांतले किती गेले त्याला गणती नाही. बोगदे, पूल, अर्धवट फोडलेले कडे यांच्या छायाचित्रांचा एक संग्रह आज तिच्या नावाने ओळखला जातो. त्यातली काही छायाचित्रे इतरांनीही काढलेली आहेत. विधवा बाई, परका देश, पटकीची साथ, आणि त्यात काचेच्या जड प्लेटा सांभाळत फोटोंची हौस! मला तर त्या घाटापेक्षा या बाईचेच नवल जास्त वाटते.

त्या काळी फोटो निघत ते बोगद्याच्या तोंडाचे. आतला अंधार कॅमेऱ्याला पेलत नसे. 1861 मध्ये पॅरिसच्या नादारने जमिनीखालच्या भुयारांत विजेचा दिवा नेऊन फोटो काढले, तर एकेका चित्राला अठरा-अठरा मिनिटे लागली. इतका वेळ माणूस निश्चल उभा कसा राहणार? त्याने मजुरांच्या जागी पुतळे उभे केले.

आजच्या कॅमेऱ्याला अर्धे मिनिट पुरते. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवावा, आयएसओ शंभर-दोनशेच्या आसपास ठेवावा, बटण हाताने न दाबता टायमर लावावा. शटर उघडे असताना साध्या टॉर्चचा झोत भिंतीवरून सावकाश फिरवावा. झोत एका जागी थांबला की तिथे पांढरा डाग पडतो. थंड जागेतून बाहेरच्या गरम, ओलसर हवेत आल्यावर लेन्सवर वाफ धरते. दहा मिनिटे दम धरावा. आत वटवाघळे असली तर मुकाट्याने परतावे, त्यांच्यावर फ्लॅश मारू नये.

एवढे शिकायला घाटात जावे लागत नाही. हेब्बाळहून बळ्ळारी रस्त्याने विमानतळाकडे जाताना दोड्डजाल लागते. 1915 साली सुरू झालेल्या बंगळूर–चिक्कबळ्ळापूर छोट्या रेल्वेवरचे हे एक दगडी स्थानक. या मार्गावरची जुनी स्थानके जतन करण्याच्या कामात इन्टॅक या संस्थेने लक्ष घातले आहे. मार्गावर गाड्या आजही धावतात, तेव्हा रुळांवर पाय ठेवायचा नाही आणि इमारतीचे फोटोही रेल्वेला विचारूनच काढायचे. भाच्याला म्हटले, आधी अर्ज लिही. "मावशी, अर्जाला महिना लागेल," तो कुरकुरला. लागू दे. खंडाळ्याजवळचा 1830 सालचा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला. त्याआधी कुणी सवडीने, परवानगी काढून त्याचे फोटो काढले असतील, तर आज तेवढेच काय ते हाती आहे.

अर्ज इंग्रजीत लिहून झाला आहे. टॉर्च कोण धरणार, यावर मायलेकांची बोलणी चालू आहेत.