गडचिरोलीच्या डिलिव्हरी रायडरला सणाची सुट्टी का मिळत नाही? नवे कामगार कायदे काय सांगतात?

२०२५ च्या नाताळाला आणि नंतर ३१ डिसेंबरला डिलिव्हरी रायडर्सच्या संघटनांनी देशभर ॲप बंद ठेवण्याची हाक दिली. मागण्या नेहमीच्याच होत्या: दर वाढवा, दहा मिनिटांत डिलिव्हरीची सक्ती थांबवा, कारण न सांगता आयडी बंद करू नका. कंपन्यांनी त्याच दिवसासाठी जादा पैसे जाहीर केले. झोमॅटोनं ३१ तारखेला संध्याकाळी ६ ते रात्री १२ या वेळेत एका ऑर्डरमागे १२० ते १५० रुपये देऊ केल्याच्या बातम्या आल्या.

म्हणजे बाकीचे सुट्टीवर असतात त्या रात्री रायडरच्या कामाला सगळ्यात जास्त भाव मिळतो. गर्दी जास्त तर पैसे जास्त, यात चूक काय, असं कुणी म्हणेल. पुण्यातच घर असलेल्या रायडरपुरतं ते खरंही आहे. तो रात्री एकला घरी पोचतो. पण ज्याचं घर भामरागड, सिरोंचा किंवा गोंडपिपरीला आहे, त्याचं काय?

गावाचं कॅलेंडर वेगळं

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया म्हणजे झाडीपट्टी. इथली खरी सुट्टी लक्ष्मीपूजनाला संपत नाही, तिथून ती सुरू होते. भाऊबीजेच्या सुमारास गावोगावी मंडई भरू लागते, पाहुणे येतात, रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे या नाटकांचं केंद्र आणि हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्याच दिवसांत धानाची कापणी असते. आधी हलका धान, मग भारी. मळणीपर्यंत घरात एकेक माणूस हवा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात जेमतेम दोन-तीन आठवडे तेंदूपत्ता. जंगलातल्या गावांमध्ये वर्षातली मोठी रोख रक्कम याच काळात हातात येते.

त्यामुळे इथल्या तरुणाचं गावी जाणं म्हणजे नुसती मौज नसते. त्यात निम्मं काम असतं, आणि ते त्या-त्या आठवड्यातच करावं लागतं. ॲप मात्र लॉगइनचे तास आणि आठवड्याचा इन्सेंटिव्ह मोजतं. दहा दिवस गावी गेलं की त्या दिवसांची कमाई जाते, इन्सेंटिव्हही जातो, आणि दुचाकीचा हप्ता व खोलीचं भाडं सुरूच राहतं.

आणि वाट?

गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे शिवते ती फक्त देसाईगंज म्हणजे वडसा इथे. वडसा ते गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन कितीतरी वर्षं झाली. पुण्याहून निघालेला मुलगा बहुधा नागपूरला उतरतो, तिथून एसटीनं गडचिरोली गाठतो आणि पुढे भामरागडसाठी पुन्हा गाडी बदलतो. जाण्यायेण्यात तीन-चार दिवस गेले तर नवल नाही.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. पण पुढच्या आठवड्यात कुठल्या वेळेचं काम मिळेल हेच ज्याला माहीत नसतं, त्याला ६० दिवस आधीची तारीख तरी कशी ठरवता येणार? मग उरते खासगी ट्रॅव्हल्स. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. दिवाळीत ज्यानं तिकीट काढलंय त्याला तो किती पाळला जातो हे वेगळं सांगायला नको.

कायद्यात प्रवासभाडं आहे, पण कुणाला?

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत एक तरतूद आहे, जिची फारशी चर्चा झाली नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या कामगाराला मालकानं वर्षातून एकदा मूळ गावी जाऊन येण्याचं भाडं द्यायचं. अट अशी की त्या आस्थापनेत असे किमान दहा कामगार हवेत आणि पगार महिन्याला १८ हजारांपर्यंत हवा. याच संहितेनुसार वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते. आधी ही अट २४० दिवसांची होती.

आता सिरोंचाचा एक मुलगा हैदराबादला गेला असं समजा. सिरोंचाहून हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ आहे, गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगणा. तो तिथल्या गोदामात पॅकिंगला लागला आणि अटींत बसला, तर भाड्याचा हक्क त्याला मिळू शकतो. त्याच गोदामातून माल उचलून घरोघर पोचवणारा त्याचा मित्र मात्र कायद्याच्या भाषेत ‘गिग’ किंवा ‘प्लॅटफॉर्म’ कामगार. ही व्याख्याच ‘मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचं काम’ अशी आहे. मालकच नाही म्हटल्यावर भाडं कोण देणार?

तिसरा मित्र पुण्यात गोदामात पॅकिंग करतो. त्याचं गाव आठशे किलोमीटरच्या पलीकडे, पण राज्य तेच. म्हणून त्यालाही भाडं नाही. अंतराऐवजी राज्याची सीमा मोजणारा हा नियम गडचिरोलीसारख्या कोपऱ्यातल्या जिल्ह्याच्या मुळावर येतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग रायडरला मिळालं काय?

सामाजिक सुरक्षा संहितेनं रायडरला पहिल्यांदाच कायद्यात नाव दिलं, हे मोठं पाऊल आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. त्यातून आयुर्विमा, अपघात विमा, आरोग्य, मातृत्व आणि वृद्धापकाळासाठीच्या योजना करता येतील. या यादीत पगारी सुट्टी मात्र नाही.

खरी मेख दिवस मोजण्यात आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या नियमांच्या मसुद्यानुसार, लाभासाठी आर्थिक वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्या मिळून १२० दिवस काम झालेलं हवं. धान घरात आल्यावर डिसेंबरमध्ये शहरात गेलेला तरुण मार्चअखेरपर्यंत एकाच ॲपवर राहिला तर ९० दिवस भरतात. पण दोन महिन्यांनी दर कमी झाला किंवा आयडी बंद पडला म्हणून त्यानं ॲप बदललं तर? ६० आणि ५० मिळून होतात ११० दिवस. म्हणजे दिवस जास्त भरूनही तो बाहेर. उलट, एकाच दिवशी दोन ॲप चालवणाऱ्याचे त्या दिवशी दोन दिवस धरले जातात.

आणि गोदामाची नोकरी तरी? चार महिन्यांच्या हंगामात १८० दिवस भरत नाहीत, त्यामुळे त्या पगारी रजेपर्यंतही तो पोचत नाही.

गावाहून परतल्यावर काम उरेल का, ही रायडरची दुसरी धास्ती. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात रायडरचं काम थांबवण्याआधी कारणासह १४ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आहे. बेंगळुरूत गाडी चालवणाऱ्या चंद्रपूरच्या मुलाला तिचा आधार घेता येईल. पुण्यातल्याला नाही.

ई-श्रम पोर्टलवर नोंदणी आधार क्रमांकानं होते आणि राज्य बदललं तरी क्रमांक तोच राहतो. दिवस मोजण्याचा तपशील मात्र कंपनीकडून येणार आहे. म्हणून गावी निघण्याआधी ॲपमधल्या दिवसवार कमाईचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आयडी बंद झाला की तो हिशेब पुन्हा उघडत नाही.