पंचगंगेला रोजचे अभ्यासक हवेत

पंचगंगेचा विषय निघाला की कोल्हापुरात एक मत हटकून पुढे येते. रोग कळलेला आहे, आता अभ्यास पुरे, उपाय करा. या मताला आधार नाही असे कोणी म्हणणार नाही. जयंती आणि दुधाळी नाल्यांनी शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे नदीत आणले, खाली इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचे पाणी आले, काठच्या गावांची गटारे आली. इचलकरंजीतल्या २०१२ च्या काविळीच्या साथीनंतर प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कसबा बावड्यात रोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीत १७ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. इतके सगळे माहीत असताना गोड्या पाण्याच्या परिसंस्थेचे संशोधन आणि त्याचे प्रशिक्षण मागणे म्हणजे वेळकाढूपणा, असे त्या मताचे म्हणणे. समित्या आणि अहवालांच्या आड निर्णय कसे लांबतात हे पाहिलेल्या माणसाची ही चीड रास्त आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सांडपाणी नदीला मारते एवढे आपल्याला कळले आहे. नदी परत कशी जगते, कुठे जगते आणि आपण केलेल्या खर्चाने ती जगू लागली की नाही, हे सांगू शकणारी माणसे आपण तयार केलेली नाहीत. उपाय अडला आहे तो इथे.

तेरवाड बंधाऱ्याचेच उदाहरण घ्या. तिथे मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या शिरोळ तालुक्याला नव्या नाहीत. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशा बंधाऱ्यांमुळे पावसाळा सरून बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पंचगंगा ही वाहती नदी राहत नाही, ती एकापुढे एक अशा तळ्यांची रांग होते. गाळ आणि सेंद्रिय घाण तळाशी बसते. दिवसा ऊन असताना शेवाळ ऑक्सिजन सोडते, रात्री तेच शेवाळ आणि तळातले जिवाणू तो ओढून घेतात, आणि पहाटेच्या सुमारास पाणी सर्वांत गुदमरलेले असते. तीस अंश तापमानाला स्वच्छ पाण्यातही लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, म्हणजे उन्हाळ्यात हाताशी शिल्लक मुळातच थोडी. त्यात बरगे निघाले किंवा वरून एकदम पाणी सुटले तर बसलेला गाळ ढवळतो आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. आता नमुना दुपारी घेतला तर आकडा चांगला येतो. प्रयोगशाळा खोटे बोलत नसते, नदीकाठचा माणूसही खोटे बोलत नसतो, तरी दोघांचे पटत नाही. भांडण मिटवायला पहाटे चारला मीटर घेऊन बंधाऱ्यावर उभा राहणारा, बरगे केव्हा निघाले याची नोंद ठेवणारा आणि दोन्ही गोष्टी जोडून वाचता येणारा माणूस लागतो. तो आपोआप तयार होत नाही.

पाण्याचा नमुना त्या घडीचीच स्थिती सांगतो. तळाचे जीव मागच्या काही महिन्यांची हकिगत सांगतात. दगड उलटल्यावर मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांच्या ऑक्सिजनला हळव्या अळ्या सापडल्या तर पाणी बराच काळ नीट आहे. फक्त लाल कायरोनोमिड अळ्या आणि गांडुळासारखे ट्युबिफेक्स सापडले तर नाही, मग त्या दिवशीचा बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) काही का असेना. ही काही परदेशी चैन नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वतः तळाच्या जीवांच्या कुळांवरून पाण्याचे पाच वर्ग ठरवणारी पद्धत तयार केलेली आहे. युरोपीय संघाने तर २००० साली केलेल्या पाणी-कायद्यात नदीची प्रकृती ठरवताना मासे, वनस्पती आणि तळाचे प्राणी यांना रसायनांच्या बरोबरीने बसवले. पद्धत कागदावर असून भागत नाही. अळीचे कूळ भिंगाखाली ओळखता येणे हे हातात मुरणारे कौशल्य आहे, आणि ते शिकवण्याची ठरावीक, नियमित जागा लागते.

यावर एक तयार उत्तर असते: अमेरिकेतल्या सिॲटलचे वॉशिंग्टन सरोवर नुसते सांडपाणी वळवल्याने सुधारले. खरे आहे. १९६३ ते १९६८ या काळात तिथले सांडपाणी टप्प्याटप्प्याने बाहेर काढले आणि सरोवर निवळले. पण त्या निर्णयाआधी काय होते ते पाहावे. प्राध्यापक एडमंडसन यांच्या चमूला १९५५ साली त्या पाण्यात एक विशिष्ट नीलहरित शेवाळ आढळले, हाताशी १९३३ च्या जुन्या नोंदी होत्या, आणि दोन्ही ताडून पुढे काय होणार हे त्यांना आधीच सांगता आले. लोकांनी कर भरायला होकार दिला तो त्या भाकितावर विसंबून. शिवाय ते सरोवर खोल आहे. कोल्हापूरचा रंकाळा तलाव उथळ. उथळ तलावात वर्षानुवर्षे गाळात मुरलेला फॉस्फरस गटारे बंद केल्यावरही पाण्यात उतरत राहतो, म्हणून पाणी हिरवे पडते आणि केंदाळ पुन्हा माजते. रंकाळा राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेत आला, कामे झाली, केंदाळ कितीदा तरी काढले गेले. गाळातला फॉस्फरस किती, तो कोणत्या महिन्यात सुटतो, काठच्या पाणवनस्पती परत आणल्या तर किती धरून ठेवतील, या प्रश्नांची उत्तरे दरसाल मोजल्याशिवाय मिळत नाहीत, आणि त्याशिवाय पुढचा खर्च अंदाजपंचेच राहतो.

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. रंकाळ्यावर, पंचगंगेवर प्रबंध काय कमी झाले? शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, पर्यावरणशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. हे मान्यच करायला हवे. दोष अभ्यासकांचा नाही, रचनेचा आहे. एक विद्यार्थी दोन-तीन वर्षे नमुने घेतो, पदवी घेतो, जातो. पुढचा विद्यार्थी वेगळी ठिकाणे, वेगळे महिने, वेगळी पद्धत धरतो. आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. याउलट १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोल्हापूरच्या माशांवर लेख छापला गेला, तो आजही उपयोगी पडतो, कारण तेव्हा इथे काय होते हे त्यामुळे ठरवता येते. वाम, मरळ किती उरले आणि चिलापीने किती जागा घेतली, हे सांगायला असा जुना पाया लागतो. थोडक्यात, प्रबंध आणखी नकोत. ठरलेली ठिकाणे, ठरलेली तारीख, जपून ठेवलेले नमुने आणि दर वर्षी त्याच कामावर तयार होणारी नवी तुकडी हवी.

असे शिकून पोरांना नोकरी कुठे मिळणार, हा पालकांचा प्रश्न टाळून चालणार नाही. आज महापालिकेत नदीच्या जीवांचा जाणकार असे पद नाही, हे खरे. पण काम आहे. प्रक्रिया केंद्राखाली नदी सुधारली का हे तपासणे, बंधाऱ्यांतून उन्हाळ्यात किती पाणी वाहते ठेवायचे ते ठरवणे, काठावर कोणती झाडे लावायची ते सांगणे. ही कामे आज एक तर होत नाहीत किंवा बाहेरचा सल्लागार आठवडाभर येऊन उरकतो. आणि हे शिक्षण केवळ एम.एस्सी. झालेल्यांसाठी ठेवू नये. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने गंगाकाठच्या सामान्य लोकांना शिकवून ‘गंगा प्रहरी’ तयार केले. पंचगंगेत जाळे टाकणाऱ्याला कोणता मासा कोणत्या डोहातून नाहीसा झाला हे ठाऊक असते, ते नोंदीत यायला हवे. मत्स्यशास्त्र शिकवणारे महाविद्यालय घाट उतरले की रत्नागिरीत आहे. विद्यापीठाच्या आवारात तळी आहेत. साधनांचा तुटवडा नाही, ती एका कामाला जुंपलेली नाहीत.

मोजण्याची सवय या जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे इथे पावसाळ्यात घराघरांत पाठ असतात, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर अधिकच. त्याच बंधाऱ्यावर उन्हाळ्यातल्या पहाटेचा ऑक्सिजन आणि तळाच्या जीवांचा वर्ग लोकांसमोर लागला तर तोही वाचला जाईल. शेवटचा आक्षेप उरतो, तो फार मोठ्याने बोलला जात नाही: काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ साली शहराला मिळाले, आता पंचगंगा प्यावी लागत नाही. पण शहराचे सांडपाणी जाते तिकडेच, आणि नरसोबाच्या वाडीपर्यंतची काठची गावे त्याच पाण्यावर आहेत. म्हणून नोंदीची ठिकाणे महापालिकेच्या हद्दीत संपवता येणार नाहीत. प्रयाग चिखलीच्या वर कासारीत एक, जयंती नाल्याखाली एक, आणि तेरवाडला व शिरोळला एकेक, एवढी तरी पहिल्या वर्षापासून धरावी लागतील, आणि त्यांचा खर्च शहराने उचलावा.